चार हजार युरोंनी अडलेलं घर

डब्लिनच्या उत्तरेला, फिंगल काउंटीत, बालब्रिगन हे समुद्रकाठचं गाव आहे. बेलफास्टकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर असल्यामुळे डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्यांच्या नव्या वसाहती तिकडे उभ्या राहतात. अशाच एका वसाहतीतल्या तीन बेडरूमच्या घराचं हे प्रकरण माझ्याकडे सल्ल्यासाठी आलं. घराची किंमत ४,५०,००० युरो. घेणारं जोडपं सांगली जिल्ह्यातलं. ती मिरजेत नर्सिंग शिकली आणि आता डब्लिनच्या एका रुग्णालयात नर्स आहे. तो तिच्यानंतर दोन वर्षांनी आला आणि एका गोदामात मालाचा हिशेब सांभाळतो. मुलगी अजून शाळेत जायची आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा काढल्या आहेत, रकमा गणिताला सोप्या जाव्यात म्हणून थोड्या गोल केल्या आहेत.

दोघांनी ‘फर्स्ट होम स्कीम’मधून घर घ्यायचं ठरवलं. आयर्लंडमध्ये ही योजना जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. घराची किंमत आणि तुमचं कर्ज व हातची रक्कम यांच्यात जी फट राहते ती योजना भरते आणि त्या बदल्यात घरात तेवढ्या टक्क्यांचा हिस्सा घेते. पैसा निम्मा सरकारचा, निम्मा सहभागी बँकांचा. हिस्सा जास्तीत जास्त ३० टक्के. पण पहिलं घर घेणाऱ्यांना आयकराचा परतावा देणारी ‘हेल्प टू बाय’ ही दुसरी योजना सोबत वापरली, तर मर्यादा २० टक्क्यांवर येते. किमान हिस्सा अडीच टक्के किंवा दहा हजार युरो, यांतलं जे जास्त असेल ते. नव्या घरांसाठी प्रत्येक भागात किमतीची कमाल मर्यादा असते आणि ती वेळोवेळी बदलते. हे घर मर्यादेत बसत होतं.

नवऱ्याचा पहिला हिशेब असा होता: योजनेच्या पैशावर पहिली पाच वर्षं काही द्यावं लागत नाही, मग बँकेचं कर्ज कमी घेऊ आणि योजनेचे वीस टक्के पुरेपूर घेऊ. माणूस व्यवहारी आहे, आपण सगळेच असा विचार करू. पण योजना तशी चालत नाही. बँक तुम्हाला जास्तीत जास्त जेवढं कर्ज द्यायला तयार आहे तेवढं सगळं आधी घ्यायचं, दहा टक्के रक्कम हातची घालायची, त्यानंतर उरेल ती फट योजनेची. हिस्सा किती हे तुम्ही ठरवत नाही, तो वजाबाकीतून निघतो. उत्पन्नाच्या चौपट कर्ज ही इथल्या मध्यवर्ती बँकेची मर्यादा आहे. जानेवारी २०२३ पूर्वी ती साडेतीन पट होती. काही अर्जदारांना बँका अपवाद म्हणून चौपटीहून जास्त देतात, पण तो अपवाद घेतला की योजनेचं दार बंद.

तिचा मूळ पगार बँकेने पूर्ण धरला, रात्रपाळी आणि रविवारच्या भत्त्यांचा काही भाग धरला, ओव्हरटाइम जवळजवळ सोडून दिला. दोघांचं मिळून ८२,००० युरो वार्षिक उत्पन्न मान्य झालं. त्याची चौपट ३,२८,०००. किमतीच्या दहा टक्के म्हणजे ४५,०००. या दोन्ही रकमा साडेचार लाखांतून वजा केल्या की ७७,००० उरतात, म्हणजे १७.१ टक्के. विसाच्या आत. कागदावर सगळं जुळलं.

आता ४५ हजार कुठून आणायचे? ‘हेल्प टू बाय’मध्ये जास्तीत जास्त ३०,००० युरो मिळतात हे सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढची अट फारसं कोणी वाचत नाही. तीस हजार, किमतीच्या दहा टक्के, आणि मागच्या चार करवर्षांत तुम्ही इथे भरलेला आयकर, या तिन्हींत जे कमी तेवढंच मिळतं. पगारातून सामाजिक विमा आणि सामाजिक शुल्क म्हणून जे कापलं जातं ते यात धरत नाहीत. तिची चार वर्षं भरली होती, त्याची दोनच. हिशेब निघाला २३,४०० युरोंचा. उरलेले २१,६०० स्वतःचे.

शिवाय नव्या घरावर मूल्यवर्धित कर सोडून उरलेल्या किमतीच्या एक टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे जवळपास चार हजार. सॉलिसिटर (खरेदीची कायदेशीर कामं बघणारा वकील), नोंदणी वगैरे मिळून तीनेक हजार. एकूण साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास. बँकेत शिल्लक होती ३४,०००. म्हणजे इथेही जमत होतं.

आणि मग बँकेचं तत्त्वतः मंजुरीचं पत्र आलं: ३,११,०००.

सतरा हजार कमी. कोणालाही वाटेल, फट भरायला तर योजना आहे, ती थोडी जास्त भरेल. तिथेच सगळं अडलं. ‘हेल्प टू बाय’साठी बँकेचं कर्ज किमतीच्या किमान ७० टक्के असावं लागतं. साडेचार लाखांचे सत्तर टक्के ३,१५,०००. मंजुरी त्याहून चार हजारांनी कमी. कर-परतावा गेला. दुसरीकडे फट ९४,००० झाली, म्हणजे २०.९ टक्के, विसाच्या वर. परतावा सोडून दिला तर योजना तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण मग दहा टक्के पूर्ण स्वतःचे हवेत, म्हणजे ४५ हजार, आणि ते नव्हते.

हे दोन नियम वेगवेगळ्या कचेऱ्यांचे, पण कात्री एकाच जागी चालवतात. दहा टक्के हातचे, वीस टक्के योजनेचे, म्हणून सत्तर टक्के कर्ज हवंच. त्यामुळे परताव्यासह ही योजना वापरायची असेल तर मिळणाऱ्या कर्जाला ०.७ ने भागा. येईल ती तुमच्या घराची कमाल किंमत. ३,२८,००० ला ४,६८,५७१. त्याच वसाहतीत ४,९५,००० चं चार बेडरूमचं घर होतं आणि नवऱ्याचा जीव त्यात अडकला होता. या एका भागाकाराने तो विषय संपला. घरं बघायला जाण्याआधी हा भागाकार करावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नमुना-घरात एकदा पाऊल टाकलं की माणूस गणित ऐकत नाही.

बँकेने सतरा हजार का कापले? सहा महिन्यांच्या खातेउताऱ्यात बँकेला तीन गोष्टी दिसल्या होत्या. गाडीच्या कर्जाचा हप्ता २७० युरो, ५,४०० बाकी. दर महिन्याला सांगलीला सासू-सासऱ्यांना पाठवलेले ३००. आणि ५०० युरोंची एक नियमित रक्कम एका बाईच्या खात्यात, शिवाय मधेच एकदा त्याच बाईकडून ६,००० युरो जमा.

ही भिशी होती. बारा जणींची, महिन्याला पाचशे, चिठ्ठी निघेल तिला सहा हजार. हिची चिठ्ठी तिसऱ्या महिन्यात निघाली होती. बँकेने लेखी खुलासा मागितला तेव्हा तिने लिहिलेला पहिला मसुदा असा होता: “हे आमच्या मैत्रिणींचं बचतीचं मंडळ आहे, हे पैसे माझेच आहेत.” मी तो मसुदा वाचला आणि थांबवला. ज्या बाईची चिठ्ठी शेवटी निघते तिच्यासाठी भिशी ही बचत आहे. जिची तिसऱ्या महिन्यात निघाली, तिने दीड हजार भरून सहा हजार उचलले, म्हणजे साडेचार हजार इतरांचे वापरले आणि ते पुढच्या नऊ हप्त्यांत फेडतेय. बिनव्याजी असलं तरी ते देणंच. बँकेतल्या अधिकाऱ्याला भिशी माहीत नव्हती, पण महिन्याला पाचशे हे बांधील देणं आहे, हा त्याचा अंदाज बरोबर होता. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा देणं म्हणून कबूल करावं आणि ते कधी संपतं ती तारीख द्यावी. तिने तसंच केलं: सभासदांची यादी, ठरलेली रक्कम, आपली चिठ्ठी कधी निघाली, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात.

सांगलीच्या तीनशेंबद्दल अधिकाऱ्याने विचारलं, हे तिकडच्या कर्जाचे हप्ते आहेत का? नाहीत, आईवडिलांचा घरखर्च आहे, असं दोन ओळींत लिहून दिल्यावर त्याने ते घरखर्चात धरलं. या रकमेला हात लावायचा नाही हे दोघांनी आधीच ठरवलं होतं आणि मी तो विषय काढलाही नाही.

उपाय साधा होता. चौतीस हजारांतून गाडीचं कर्ज एकरकमी फेडलं. भिशीचे पाच हप्ते बाकी होते, ते संपू दिले. मग नव्या उताऱ्यांसह पुन्हा अर्ज. या काळात वसाहतीच्या पहिल्या टप्प्यातली घरं विकली गेली. दुसऱ्या टप्प्यात बिल्डर सहसा भाव चढवतो. इथे चढवला नाही, हे केवळ नशीब. भाव वीस हजारांनी जरी वाढला असता तरी ते ४,६८,५७१ च्या रेषेपलीकडे गेले असते. दुसऱ्या मंजुरीत पूर्ण चौपट मिळाली: ३,२८,०००.

आता दुसरी अडचण, आणि ही मराठी वाचकांनी लक्ष देऊन वाचावी. दोन्ही योजना मुख्यतः पहिलं घर घेणाऱ्यांसाठी आहेत, आणि ‘हेल्प टू बाय’मध्ये पहिलं म्हणजे जगात कुठेही पहिलं. एकट्याने किंवा कोणाबरोबर, आयर्लंडमध्ये किंवा बाहेर, घर विकत घेतलेलं वा बांधलेलं नसावं. दोघं मिळून घेत असतील तर ही अट दोघांनाही लागू. एकाने मोडली तर दोघांचं गेलं. पुण्यात वडिलांनी फ्लॅट घेताना कर्ज बसावं म्हणून मुलाचं नाव करारनाम्यात घातलं, हप्ते वडीलच भरतात, मुलगा तिथे कधी राहिलाही नाही, अशी उदाहरणं आपल्याकडे घरोघर सापडतात. अशा मुलाला ‘मी काही भरलं नाही’ म्हणून सुटका नाही. त्याने घर विकत घेतलेलं आहे.

या जोडप्याचं असं काही नव्हतं. पण तिच्या वडिलांच्या पश्चात मिरज तालुक्यातल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आई आणि भावाबरोबर तिचं नाव लागलं होतं. गावठाणातल्या जुन्या घराच्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावरही. सॉलिसिटरच्या प्रश्नावलीत ‘अन्यत्र मालमत्ता आहे का’ हा प्रश्न आला आणि घरात धावपळ उडाली. धाकट्या भावाचा फोन आला: “ताई, तुझं तिकडचं काम अडत असेल तर हक्कसोडपत्र करून टाकू. तू पॉवर ऑफ ॲटर्नी पाठव, बाकी मी बघतो.”

भावाच्या मनात खोट असेल असं मी म्हणत नाही. ताईचं घर व्हावं असंच त्याला वाटत असणार. पण हक्कसोडपत्र नोंदवलं की हिस्सा गेला. तो परत मिळवणं जवळजवळ अशक्य. आणि याची मुळात गरजच नव्हती, कारण वारसाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेली मालमत्ता असली तरी ‘हेल्प टू बाय’ची पात्रता जात नाही. प्रश्न मालकी आहे का हा नाही, विकत घेतलं किंवा बांधलं का हा आहे. तेव्हा दाखवायचं एवढंच की नाव वारसाने लागलं. सातबाऱ्यावर नाव दिसतं, ते कसं लागलं हे फेरफारात दिसतं. वारस नोंदीचा फेरफार उतारा, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि जुन्या घराचा उतारा, तिन्हींचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून मागवलं. सॉलिसिटरने शपथपत्राला ते जोडलं आणि प्रश्न मिटला. भावाला तिने कळवलं, “काही सोडायचं नाही, फक्त फेरफाराची नक्कल पाठव.”

नवऱ्याचं नाव सांगलीतल्या सोसायटीत आईच्या फ्लॅटला नॉमिनी म्हणून होतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि आई हयात आहे. एका ओळीत खुलासा दिला, पुढे कोणी विचारलं नाही.

यानंतरचा प्रवास फारसा सांगण्यासारखा नाही. मंजुरीचं पत्र घेऊन योजनेच्या संकेतस्थळावर अर्ज, तिथून पात्रतेचं प्रमाणपत्र, आयर्लंडच्या कर खात्याकडे परताव्याचा वेगळा अर्ज. परतावा तुमच्या हातात येत नाही, तो थेट बिल्डरकडे जातो आणि त्या दहा टक्के हातच्या रकमेत धरला जातो. योजनेचा करार सॉलिसिटरकडून समजून घ्यावा लागतो. घरावर पहिला बोजा बँकेचा, दुसरा योजनेचा. घर स्वतः राहण्यासाठीच. भाड्याने देऊन दुसरीकडे गेलात किंवा विकलंत तर योजनेचा हिस्सा चुकता करावा लागतो. परतावा घेतला असेल तर पाच वर्षांच्या आत घर सोडल्यास त्यातली रक्कम परत मागितली जाते. भारतात परतायचं मनात असलेल्यांनी सही करण्याआधी ही दोन कलमं पुन्हा वाचावीत.

कर्जाचा हप्ता तीस वर्षं आणि ३.६ टक्के व्याज धरलं तर साधारण १,४९० युरो. ते दोन खोल्यांच्या फ्लॅटला याहून जास्त भाडं देत होते. त्यामुळे घर घ्यावं की नाही हा प्रश्न या प्रकरणात कधीच नव्हता. प्रश्न ७७ हजारांचा होता, आणि त्याबद्दल माझं आणि तिच्या नवऱ्याचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

तो म्हणतो, पाच वर्षं फुकट आहे. करारात सेवाशुल्काचं वेळापत्रक दिलं आहे: पहिली पाच वर्षं काही नाही, सहाव्या ते पंधराव्या वर्षी १.७५ टक्के, सोळाव्या ते एकोणतिसाव्या वर्षी २.१५, तिसाव्यापासून २.८५. हे मूळ रकमेवर, म्हणजे सहाव्या वर्षी ७७ हजारांवर वर्षाला १,३४७ युरो, महिन्याला सव्वाशेच्या आत. खरंच स्वस्त वाटतं. फेडण्याची सक्तीही नाही.

पण परत घ्यायचे आहेत ते ७७ हजार युरो नव्हेत, घराचे १७.१ टक्के. वाट्याने दिलेल्या शेतासारखं आहे हे: धनी वाट्याला येईल ते पीक मोजून नेतो, पेरताना बी किती पडलं हे विचारत नाही. घर वर्षाला चार टक्क्यांनी वाढलं तर पाच वर्षांनी त्या हिश्श्याची किंमत होते ९३,७००. सहा टक्क्यांनी वाढलं तर एक लाख तीन हजार. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत शुल्क शून्य असलं तरी हिस्सा साधारण १७ ते २६ हजारांनी महागलेला असतो. भाव चढत असताना हा पैसा बँकेच्या ३.६ टक्क्यांपेक्षा महाग पडतो, फक्त त्याचं बिल दर महिन्याला येत नाही. भाव पडले तर उलट. घर ४,०५,००० वर आलं तर योजनेचा वाटा ६९,३०० होतो, तोटा तीही सोसते. बँक असं कधी करत नाही, म्हणून भागीदार म्हणून योजना वाईट नाही. पण डब्लिनच्या आसपास घरांची टंचाई आहे तशी असताना मी पडत्या भावावर पैज लावणार नाही.

हिस्सा तुकड्यांनी परत घेता येतो. वर्षातून दोनदा, दर वेळी मूळ रकमेच्या किमान पाच टक्के, म्हणजे इथे ३,८५० युरो. प्रत्येक वेळी भाव त्या दिवसाचा लागतो. गाडीचा हप्ता आणि भिशी मिळून महिन्याला ७७० युरो मोकळे झाले होते, वर्षाला ९,२४०. दोन किमान तुकड्यांना ७,७०० लागतात. मी म्हटलं, ही रक्कम त्याला बांधून टाका, पहिल्या वर्षापासून.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. नव्या घराला इथे फरशी किंवा लाकडी जमीन बिल्डर घालून देत नाही, काँक्रीटवर चावी मिळते. जमीन, कपाटं, पडदे, वॉशिंग मशीन, सगळं स्वतःचं. किल्ली मिळेपर्यंत ७७० चे जे साठले ते यातच गेले. त्यानंतरही हातात सहा महिन्यांच्या खर्चाची पुंजी हवी, असं त्याचं मत. नोकरी गोदामातली, करार दर वर्षी नवा. त्यात चूक काढता येत नाही.

शेवटी तिने निकाल दिला. पहिली दोन वर्षं पुंजी, तिसऱ्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी एक तुकडा. मुलगी शाळेत गेली की पाळणाघराचे पैसे वाचतील, तेही याच कामाला. नवी भिशी सुरू झाली आहे आणि तिने त्यात नाव घातलं आहे, पण या वेळी चिठ्ठी शेवटची मागून घेतली आहे.